शुक्रवारचा शिळा प्रश्न

आत्माराम फर्डे प्रश्न विचारतात, पण एक आठवडा उशिरा.

आज ऐकलेल्या गोष्टीवर ते आज काहीही बोलत नाहीत. ऐकतात, उठतात, चपला घालतात आणि जातात. पुढच्या शुक्रवारी येतात तेव्हा दुसरं पुस्तक सुरू झालेलं असतं. त्यातला कुणी काळाच्या बोगद्यात शिरत असतो, एक पाय आत आणि एक बाहेर. नेमके त्याच वेळी आत्माभाऊ घसा साफ करतात.

"ते मागच्या टायमाचं. त्या ग्रहावर दोन सूर्य व्हते ना? एक बुडाला का दुसरा वर येतो. मंग वाळवण आत घ्यायचं कधी?"

बोगद्यातला माणूस तसाच अडकून राहतो. सगळ्यांना मागच्या आठवड्याच्या ग्रहावर परत जावं लागतं आणि तिथे पापड घातले होते का, याचा विचार करावा लागतो. दोन सूर्यांचं ते पुस्तक मी स्वतः वाचलं होतं. त्यात गुरुत्वाकर्षण होतं, बंडखोरी होती, खनिजांवरून झालेलं युद्ध होतं. वाळवणाचा उल्लेख कुठेही नव्हता.

हे सगळं घडतं धसईत, किशोर घुडे यांच्या झेरॉक्सच्या दुकानात. शुक्रवारी दुरुस्तीसाठी दुपारभर वीज बंद असते. मशीन बंद, लॅमिनेशन बंद, गिऱ्हाईक बंद. किशोरला अंतराळयानांचं वेड आहे. गुरुवारी रात्री मोबाइल पूर्ण चार्ज करून ठेवायचा आणि शुक्रवारी त्यावर वाचायचं, हा त्याचा जुना क्रम. त्याचं पाहून हळूहळू आम्ही जमलो. आरोग्य उपकेंद्रातल्या भोईर सिस्टर जेवणाच्या सुट्टीत येतात. त्यांना यंत्रमानव आवडतात, पण कादंबरीतले डॉक्टर आवडत नाहीत. "इंजेक्शन दिलं म्हणे! कुठं दिलं, किती दिलं, काही पत्ता?" अशी त्यांची कायमची तक्रार. मी तालुक्याच्या बातम्या पाठवतो. मला काळप्रवासाच्या गोष्टी आवडतात, कारण त्यात कुणालाच कुठे वेळेवर पोहोचायचं नसतं.

चौथे जाधव सर. निवृत्त मुख्याध्यापक. वैशाखऱ्याला एकटेच राहतात आणि एसटी बदलून येतात. त्यांचा विषय राजे, तलवारी, जादूगार आणि ड्रॅगन. उशीएवढं जाड पुस्तक ते आठवड्यात संपवतात आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून भराभर सांगतात. त्यांच्या तोंडून एक अख्खं राजघराणं चहा गार व्हायच्या आत निर्वंश होतं.

पद्धत साधी आहे. ज्याने जे वाचलं ते त्याने सांगायचं. पुस्तकं थोडी, तीही मुंबईहून कुणी आणली तर. त्यामुळे आमच्यात वाचण्याइतकंच सांगण्याला महत्त्व आलं.

आणि पाचवे आत्माभाऊ. ते काहीच वाचत नाहीत.

त्यांचा धंदा मंडपाचा. कनाती, ताडपत्र्या, खुर्च्या, जेवणाची मोठी पातेली, वर-वधूसाठी लाल गादीचं सिंहासन, सगळं भाड्याने मिळतं. पंचक्रोशीतल्या बहुतेक जोडप्यांनी त्या सिंहासनावर बसून फोटो काढलेला आहे. ते आमच्यात आले कसे, याची हकीकत किशोर सांगतो आणि सिस्टरांनी तिला दुजोरा दिला आहे. दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स काढायला ते एका शुक्रवारी आले. वीज नव्हती, म्हणून बाकावर बसले. किशोर तेव्हा एका यानाची गोष्ट सांगत होता. दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेलं यान, प्रवास इतका लांबचा की माणसं वाटेतच जन्मतात आणि वाटेतच मरतात. आत्माभाऊंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि झेरॉक्स न काढताच गेले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर.

"आत्माभाऊ, आजही लाईट नाही हो," किशोर म्हणाला.

"ठाऊक हाय."

"मग?"

"त्या जहाजात पोरगी जन्मली. तिथंच वाढली, तिथंच लगीन झालं. मंग ती बाळंतपणाला जाणार कुठं? माहेर अन् सासर एकाच जहाजात."

किशोरने मोबाइलवर पानं मागे नेऊन पाहिली. लेखकाने ते लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून आत्माभाऊ दर शुक्रवारी येऊ लागले. बाकाचं भिंतीकडचं टोक त्यांचं. हातात सुतळीचा तुकडा. मंडपासाठी अंगण मोजताना ते टेप वापरत नाहीत. दोरी धरायची आणि जिथे खांब येणार तिथे गाठ मारायची, ही त्यांची जुनी रीत. तीच सवय इथे आली. गोष्टीत काही घडलं की ते सुतळीला एक गाठ मारत. राजा मेला, गाठ. यानाला आग लागली, गाठ. सांगणारा घाईत असला की म्हणत, "सावकास सांगा. मना न्यायचंय."

मला न्यायचंय, हे त्यांचं पालुपद आम्ही बोलण्याची लकब म्हणून सोडून दिलं होतं.

त्यांच्या प्रश्नाला किशोरने नाव ठेवलं, शिळा डबा. "चला आत्माभाऊ, काढा शिळा डबा," असं तो म्हणायचा आणि ते खरोखर डबा उघडावा तशा सावकाशीने प्रश्न काढायचे. डोंगराखाली ड्रॅगन शेकडो वर्षं झोपलेला असतो, तर वरच्या गावात विहिरीला गरम पाणी येत असेल का? परग्रहावरच्या लोकांना एकमेकांच्या मनातलं ऐकू येतं, तर त्यांच्यात सासू-सुना एका घरात राहतात कशा? शास्त्रज्ञ भूतकाळात गेला तो गेला, पण घरी जेवायची थांबलेल्या बायकोला कुणी सांगावा धाडला का?

हा शेवटचा प्रश्न आला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आत्माभाऊ, तुम्हाला बरं सुचतं हो हे!" आत्माभाऊ नुसते हसले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. इतक्या लोकांच्या लग्नाची व्यवस्था पाहिलेल्या माणसाला जेवणाचं आणि सासर-माहेरचं सुचणारच, असं आमचं अनुमान होतं. ते कुणी पडताळून पाहिलं नाही.

अडचण आली ती जाधव सरांकडून. सरांचा मुद्दा चुकीचा नव्हता. त्यांना वाटत होतं की मंडळ वाढावं, पण नुसत्या श्रोत्यांनी वाढू नये. एका शुक्रवारी सरांच्या गोष्टीत राजपुत्र विषाचा पेला ओठाला लावत असताना शिळा डबा उघडला, आणि सरांचा संयम संपला.

"आत्माराम, तुम्ही वाचता काय?"

"मी ऐकतो."

"ते दिसतंय. वाचता काय?"

"पत्रिका," आत्माभाऊ म्हणाले. "लग्नाच्या."

किशोर हसला. सर हसले नाहीत. "पुढच्या शुक्रवारपासून नियम. ज्यानं पुस्तक वाचलं त्यानंच इथं बसायचं. प्रत्येकानं सांगायचं. नुसतं ऐकायला हे काय कीर्तन आहे?"

"ते बसले तर तुमचं काय जातं सर?" सिस्टर म्हणाल्या.

"शिस्त जाते."

सरांनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं. जादूगारांची लढाई, आत दुमडलेला नकाशा. आत्माभाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घ्यावा तसं.

"बसायचं असंल तर वाचायलाच पायजेल का सर?"

"वाचायलाच पाहिजे."

"मंग बघतो."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी सांगितलं की नकाशा वाचून झाला. "समदं हाय त्याच्यात सर. किल्ला हाय, जंगल हाय, भुतांची दलदल हाय. पाणवठा नाय. एवढी फौज पाणी कुठं पिते?"

"नकाशा म्हणजे पुस्तक नव्हे, आत्माराम."

"बरोबर हाय," असं म्हणून ते बाकावरून उठले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. किशोरने आत बोलावलं तर म्हणाले, "सर बसायचं नाय म्हणाले. उभा राहायला नियम नाय."

सरांनी गोष्ट पुढे नेली. बाहेर रिक्षा जात होत्या, भाजीवाल्यांचा ओरडा चालू होता. आत्माभाऊ कानामागे हात धरून वाकले होते. एकदा त्यांनी विचारलं, "कोन मेला?" पण सरांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गाडीची वेळ झाली होती. आत्माभाऊंच्या सुतळीला त्या दिवशी गाठ पडली नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

भिंतीकडचं टोक रिकामं राहिलं. गोष्टी आता मध्ये न तुटता पूर्ण होऊ लागल्या. सगळं सुरळीत चालू होतं आणि कुणालाच मजा येत नव्हती. सिस्टरांनी एकदा यंत्रमानवाची गोष्ट संपवली आणि सवयीने भिंतीकडे पाहिलं. सर म्हणाले, "पुस्तक तरी परत यायला हवं." मी त्या बाजूला एका बातमीसाठी जाणारच होतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

शनिवारी दुपारी गेलो. गावाबाहेर, शेताच्या कडेला त्यांचं घर. ओटीवर कनातींचे गठ्ठे आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. आतून आत्माभाऊंचा आवाज येत होता. हाक मारणार तोच शब्द कानावर आले.

"मंग ती राणी निघाली घोड्यावर. आपल्या टोकावड्याच्या पुढं कसा घाट लागतो, तसा घाट. अन् त्या घाटाखाली निजलेला ड्रॅगन."

"अवो, ही झाली," एक बाईचा आवाज म्हणाला. "ड्रॅगन उठला, विहिरीचं पाणी गरम झालं, राणी निघाली. ही झाली गोष्ट."

"ही दुसरी राणी गो."

"दुसऱ्या राणीला पण तोच ड्रॅगन?"

"भाड्यानं घेतला."

"काय बोलता! सुतळीला एक गाठ नाय तुमच्या. मना कळत नाय का?"

मी हाक मारली आणि आत गेलो. खिडकीजवळ वर-वधूचं ते लाल सिंहासन ठेवलेलं होतं. त्यावर आत्माभाऊंच्या पत्नी शेवंतावैनी बसल्या होत्या आणि मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत होत्या. सोनेरी नक्षीच्या पाठीला एक घडी घातलेली गोधडी अडकवलेली होती. आत्माभाऊ समोर जमिनीवर बसले होते. मला पाहून उभे राहिले.

"पत्रकार! बसा. सिंहासनावर नाय हां, ते बुक हाय."

वैनी माळ्यावरून पडल्या होत्या, गेल्या वर्षी. कमरेचं ऑपरेशन झालं, पण पाय उचलेना. साध्या खुर्चीत बसलं की दुखतं. सिंहासनाला हात आहेत आणि गादी जाड आहे, म्हणून ते घरात आलं. लग्नसराईत गिऱ्हाईक मागतं तेव्हा आत्माभाऊ मुरबाडहून दुसरं भाड्याने आणून देतात आणि नुकसान सोसतात. हे वैनींनी सांगितलं. आत्माभाऊ तेव्हा चहाचं पाहत होते.

"मुलगा कल्याणला हाय," वैनी म्हणाल्या. "त्यानं मोबाइल दिलाय. त्याच्यात समदं दिसतं म्हणे. पन त्याला काय विचारता येत नाय. तो आपला बोलतच सुटतो."

"आणि हे?"

"यांना विचारता येतं. यांना उत्तर येत नसलं तरी हे विचारून येतात. मधे आठ दिवस जातात, पन उत्तर येतं." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "आता दोन शुक्रवार झाले, जात नायत. काय झालं ते सांगत नायत. जुन्याच राण्या फिरवून सांगतात."

देवांच्या फळीवर सरांचं पुस्तक होतं, ताडपत्रीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेलं. आत्माभाऊंनी ते काढून माझ्या हातात दिलं.

"वाचून बघितलं पत्रकार. रोज बघितलं. अक्षरं लागतात, पन माणूस एक दिसत नाय. तुमी लोक सांगता तवा दिसतो. सरांना म्हणावं, नकाशा झकास व्हता."

पुढच्या शुक्रवारी मी दुकानात पाहिलं ते सांगितलं. त्यात स्वतःचं काही घातलं नाही. सर्वांनी ऐकून घेतलं.

"ते वाळवण?" सरांनी विचारलं.

"वैनींचं."

"आणि बाळंतपण?"

"तेही."

"जेवायला थांबलेली बायको?" सिस्टर म्हणाल्या. मी होकारार्थी मान हलवली.

सर उभे राहिले. "किशोर, शटर ओढ."

आम्ही रिक्षाने गेलो. दारात इतकी माणसं पाहून आत्माभाऊंना वाटलं की मंडपाची ऑर्डर आली. तारीख विचारायला लागले. सरांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "आज इथं सांगणार आहे. चालेल ना वैनी?"

"चालंल की. अवो, खुर्च्या काढा!"

चळतीतल्या खुर्च्या उतरल्या. ओटीवर छोटंसं लग्न असल्यासारखं दिसू लागलं, वधू मात्र सूप घेऊन बसलेली. सरांनी गोष्ट सुरू केली. जगाच्या कडेला एक बुरूज. त्यावर एक राखणदार. पलीकडून काळोख चालून आला तर त्याने मशाल पेटवायची आणि राज्याला कळवायचं. आजोबांनी पहारा दिला, बापाने दिला, आता हा देतो. काळोख काही आलेला नाही. सरांनी त्या दिवशी गाडीचा विचार केला नाही. वाऱ्याचा आवाज काढला, दगडी पायऱ्या हाताने मोजून दाखवल्या, मशालीपाशी पोहोचल्यावर आवाज अगदी खाली आणला. सर इतकं चांगलं सांगू शकतात हे आम्हाला माहीत नव्हतं. वैनींचं सूप मांडीवर तसंच राहिलं. दाराच्या चौकटीपाशी आत्माभाऊ सुतळीला गाठी मारत होते.

गोष्ट संपली. किशोरने टाळ्या वाजवल्या. सर घाम पुसत पुढे वाकले.

"आता विचारा वैनी. आठवडाभर थांबायची गरज नाही. मी समोरच आहे."

वैनी संकोचल्या. त्यांनी पदर सारखा केला, आत्माभाऊंकडे पाहिलं, मग सरांकडे.

"लय छान सांगितलीत सर. पन आत्ता काय विचारू? मना अजून यांनी सांगितली नाय."

"मी सांगितली की आत्ताच."

"तुमी सांगितली ती पुस्तकातली," वैनी म्हणाल्या. "ती मना लांब पडते."

आत्माभाऊ हातातल्या सुतळीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मग ते चहाच्या कपबशा गोळा करायला लागले. त्या अजून भरलेल्या होत्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी ते दुकानात आले. भिंतीकडच्या टोकावर सरांची पिशवी होती. सरांनी ती उचलून मांडीवर घेतली. नियमाचा विषय कुणी काढला नाही. पुढे तो कधीच निघाला नाही.

सरांनी नवीन पुस्तक सुरू केलं, नेहमीच्या वेगाने. एक नगर वसलं, भरभराटलं आणि त्याला शाप लागला. मग आत्माभाऊंनी घसा साफ केला.

"ते मागच्या टायमाचं."

सर थांबले. किशोर शिळ्या डब्याचं काही बोलला नाही. त्याने मोबाइल उलटा करून ठेवला.

"तो राखणदार हाय ना बुरुजावरचा. दिवसभर एवढं काय काय बघतो. पाखरं, ढग, लांबची माणसं. एकटाच हाय. मंग सांजच्याला ते सांगतो कुणाला?"

जाधव सरांकडे सहसा उत्तर तयार असतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि रस्त्याकडे पाहिलं.

"पुस्तकात तसं दिलेलं नाही," ते म्हणाले.

"मंग?"

"मला विचार करावा लागेल."

"करा. घाई नाय. तिनं म्हटलंय, सरांना जमंल तवा सांगा."

सरांनी मान डोलावली आणि शापित नगराकडे वळले. नगराच्या वेशीवर एक म्हातारी आली होती आणि तिच्याकडे शाप उतरवायची युक्ती होती. तेवढ्यात नाक्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. सरांचा वेग एकदम वाढला. म्हातारी वेशीतून आत आली, राजवाड्यात पोहोचली, राजासमोर उभी राहिली.

"सर, सावकास," आत्माभाऊ म्हणाले. "मना न्यायचंय."

हॉर्न पुन्हा वाजला. सरांनी पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली. म्हातारीला त्यांनी परत वेशीपाशी नेलं आणि तिथून एकेक पाऊल आत आणलं. प्रत्येक वळणावर ते आत्माभाऊंच्या हातांकडे बघत होते आणि गाठ बसेपर्यंत थांबत होते.